लोकेशन साऊंड: पहिल्यांदा सेटवर जाणाऱ्यांसाठी

लोकेशनवर आवाज बिघडवणाऱ्या गोष्टी इतक्या असतात की सगळ्यांशी भांडायला गेलात तर दुपारपर्यंत तुमच्याशी कोणी बोलणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक कसोटी लावायची सवय करा. कानावर येणारा गोंगाट संवादाच्या शब्दांवर पडतोय, की दोन वाक्यांच्या मधल्या जागेत? आणि तो सबंध सीनभर एकसारखा आहे, की येतो-जातो? मधल्या जागेत पडलेला दाराचा धाडकन आवाज एडिटर सहज कापून टाकेल. पंख्याची एकसुरी घरघर नंतर बरीचशी दाबता येते. विमान मात्र एका शॉटमध्ये आहे आणि पुढच्यात नाही, असं झालं की कट प्रेक्षकाला कानाने कळतो. आणि शब्दावरच घासलेली कपड्याची खसखस काढायला गेलं, तर शब्दही सोलवटून निघतो. पुढे जे काही लिहिलंय ते या कसोटीला धरूनच आहे.

१. रेकीला जा आणि गप्प उभे राहा

रेकी म्हणजे शूटिंगच्या आधी जागा बघून येणं. लोकेशन ठरवताना डीओपी (छायाचित्रणाचा प्रमुख) असतो, कला दिग्दर्शक असतो, साऊंडवाल्याला बहुतेक वेळा कोणी बोलावत नाही. तरीही जायचा आग्रह धरा. शूटिंग ज्या वारी आणि ज्या वेळी होणार आहे, शक्यतो त्याच वारी आणि त्याच वेळी जा. रविवारी सकाळी निवांत वाटलेली गल्ली मंगळवारी दुपारी तशी नसते.

तिथे गेल्यावर निदान दहा मिनिटं कोणाशी न बोलता उभे राहा. नुसत्या कानांनी ऐकून भागत नाही, कारण आपला मेंदू ओळखीचा गोंगाट गाळून टाकतो आणि माइक काहीच गाळत नाही. एखादा साधा रेकॉर्डर आणि बंद कपांचे हेडफोन बरोबर ठेवा, दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करा आणि घरी येऊन पुन्हा ऐका. तिथे लक्षातही न आलेला पाण्याचा पंप घरी ऐकताना ठळक सापडतो.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण उमटली, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधून आवाज मागेपुढे उड्या मारतोय. जाड गोधड्या, रजया, गालिचे किती लागतील याचा अंदाज तिथेच येतो.

मग चौकशी करा. एसी खोलीतून बंद होतो की सबंध इमारतीचा एकच आहे, आणि तो बंद करायचा अधिकार कोणाकडे आहे? शेजारी बांधकाम चालू आहे का? शाळा असेल तर सुट्टी किती वाजता होते? वरून विमानांचा मार्ग जातो का? बाहेरचं लोकेशन असेल तर संध्याकाळी रातकिडे कधी सुरू होतात हे गावातल्या माणसाला विचारून घ्या. मावळतीला सुरू झालेला संवादाचा सीन अंधार पडल्यावर संपवला, तर अर्ध्या शॉट्समध्ये किडे आणि अर्ध्यांत शांतता असा मामला होतो आणि एडिटिंगमध्ये तो फार त्रास देतो.

जनरेटर कुठे उभा राहणार हे रेकीच्याच दिवशी ठरवून घ्या. इमारतीच्या पलीकडच्या बाजूला, मध्ये भिंत येईल असा आणि केबल पुरेल तेवढा लांब. एकदा केबल टाकून झाल्या की तो कोणीही हलवत नाही, आणि त्या वेळी तुम्ही मागणी केलीत तर तुमची गणना कटकट्या माणसांत होते. रेकीहून आल्यावर प्रॉडक्शनला चार-पाच ओळींत लेखी कळवा: अडचण काय, उपाय काय, उपाय नाही झाला तर कोणते संवाद डबिंगला जातील. डबिंगचा खर्च डोळ्यांसमोर आला की एसी बंद करायची परवानगी लवकर मिळते.

२. पेटीत काय असावं

सुरुवातीला फार नको. दोन ते चार इनपुटचा, बाहेरच्या माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) देणारा रेकॉर्डर. एक शॉटगन माइक, म्हणजे लांब नळीचा, मुख्यतः समोरचं ऐकणारा. खोलीतल्या कामासाठी एक छोटा सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड (नळीशिवायचे, तरीही मुख्यतः समोरचं ऐकणारे माइक). दोन वायरलेस कॉलर माइक. बूमची काठी (माइक नटाजवळ धरायची लांब काठी), धक्के झेलणारा माउंट, वाऱ्यासाठी झेपलिन (माइकभोवतीचा पिंजरा) आणि त्यावरचं फर. बंद कपांचे हेडफोन. एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबल गरजेपेक्षा दोन जास्त, आणि बॅटऱ्या गरजेपेक्षा दुप्पट. पैसे कमी असतील तर रेकॉर्डर साधा घ्या आणि माइक चांगला घ्या. रेकॉर्डर जुना होतो, चांगला माइक वर्षानुवर्षं टिकतो.

काठी कार्बन फायबरची असेल तर ती हलकी असते, म्हणून सगळे तीच घेतात. पण कार्बन फायबरमधून वीज वाहते. उघड्यावर, डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या जागी ही काठी उभी करून चालू नका. मान वर करून बघायची सवय लावून घ्या.

३. अंतराचं गणित

माइक कोणता, यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे याने आवाज जास्त बदलतो. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा आणि मागचा गोंगाट मात्र जवळपास तेवढाच राहतो. माइक अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर गेला, म्हणजे अंतर दोनदा दुप्पट झालं, तर संवाद सुमारे १२ डेसिबल खाली गेला. तो गेन (रेकॉर्डरवरची आवाजवाढ) वाढवून वर आणाल, पण त्याबरोबर खोलीही तेवढीच वर येईल. हा तोल नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण परत मिळत नाही. म्हणून महागडा माइक दोन मीटरवर असण्यापेक्षा मध्यम प्रतीचा अर्ध्या मीटरवर असलेला बरा.

शॉटगनबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तो दुर्बिणीसारखा लांबचा आवाज जवळ खेचत नाही. त्याच्या नळीच्या कडेला असलेल्या चिरांमुळे बाजूने येणारा आवाज स्वतःशीच टकरून कमी होतो, एवढंच. तेही मुख्यतः वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये. खालच्या फ्रिक्वेन्सींना ती नळी जवळपास नसल्यासारखीच असते. लहान, कडक भिंतींच्या, बुटक्या छताच्या खोलीत तोच संवाद छतावरून आणि भिंतींवरून परतून नळीच्या कडेने आत शिरतो आणि त्याचा पोत बिघडतो. ऐकताना माणूस डब्यात बोलल्यासारखा वाटतो. अशा खोलीत छोटा हायपरकार्डिऑइड लावा. मोकळ्यावर आणि मोठ्या दालनात शॉटगन ठीक.

४. बूम धरणं

नवख्याच्या हातात पहिल्यांदा बूमच येते आणि बाहेरच्यांना वाटतं की हे सगळ्यांत सोपं काम आहे. हे काम अंगमेहनतीचं आहे, आणि स्क्रिप्ट पाठ असल्याशिवाय नीट जमत नाही.

बूम शक्यतो वरून, नटाच्या किंचित पुढे, माइकचं टोक तोंड आणि छाती यांच्या मधल्या भागाकडे. वरून धरल्यावर माइकच्या समोर नटाच्या मागे जमीन येते, आणि जमीन फारसा आवाज करत नाही. खालून धरला तर माइक छताकडे किंवा आभाळाकडे बघतो, शिवाय छातीतला घुमार जास्त येतो. कधी छत बुटकं असतं, कधी वरून लाइट असतो, तेव्हा खालून धरायलाच लागतं. नाइलाज म्हणून धरा.

फ्रेमची कड शोधायची पद्धत ठरलेली आहे. तालमीच्या वेळी माइक मुद्दाम फ्रेममध्ये उतरवा. कॅमेरा ऑपरेटर ओरडेल. मग हळूहळू वर घ्या, तो ‘क्लिअर’ म्हणेल तिथे थांबा. आता मागच्या भिंतीवरची एखादी खूण हेरा, खिडकीची चौकट किंवा फोटोची कड, म्हणजे टेकमध्ये परत त्याच उंचीवर येता येईल. उलट्या दिशेने, म्हणजे वरून खाली चाचपडत येणारा बूम ऑपरेटर कायम गरजेपेक्षा अर्धा हात उंचच राहतो. कोणती लेन्स लावली आहे हेही विचारा. २४ मिलिमीटर म्हणजे रुंद फ्रेम, ८५ म्हणजे चेहरा. थोड्याच दिवसांत आकडा ऐकूनच उंचीचा अंदाज यायला लागतो.

सावली हा दुसरा शत्रू. मुख्य लाइट ज्या बाजूला आहे त्याच्या समोरच्या बाजूने बूम आत आणला, तर सावली बहुधा फ्रेमबाहेर पडते. लाइटिंग चालू असतानाच गॅफरच्या (लाइटिंगच्या प्रमुखाच्या) आसपास राहा आणि उभं राहायची जागा तेव्हाच धरून ठेवा. सगळं लागून झाल्यावर जागा मागितली तर मिळते ती सोफ्याच्या मागची.

काठी बोटांत सैल धरा. आवळून धरलेल्या काठीत बोटांची प्रत्येक हालचाल ऐकू येते. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. दोन नट बोलत असतील तर माइक वळवायचा तो मनगटातून, आणि पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आधी. वाक्य ऐकून वळवलात तर पहिला शब्द गेला. म्हणून संवाद पाठ हवेत, आणि नटाच्या श्वासाकडे लक्ष हवं. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो.

दोन टेकच्या मध्ये काठी खाली टेकवा. कोणी काही म्हणत नाही. दिवस मोठा असतो.

५. कॉलर माइक लपवणं

दोन कॅमेरे एकाच वेळी, एक रुंद आणि एक जवळचा, असं सुरू झालं की बूम रुंद फ्रेमच्या बाहेर राहतो आणि जवळच्या शॉटला आवाज लांबचा मिळतो. अशा वेळी कॉलर माइक तारतो. पण तो कपड्याच्या आत गेला की खसखस सुरू होते.

खसखस दोन प्रकारची असते. कपडा माइकला घासतो ती एक, आणि कपडा कपड्याला घासतो ती दुसरी. पहिलीवर इलाज आहे: माइकच्या दोन्ही बाजूंना दुहेरी चिकटपट्टी लावा, म्हणजे त्वचा किंवा आतला कपडा आणि बाहेरचा कपडा दोन्ही माइकला घट्ट धरून राहतील आणि सगळं एकत्र हलेल. माइकखालच्या वायरीचा एक छोटा वेढा करून तोही चिकटवा, नाहीतर वायर ओढली गेली की त्याचा धक्का माइकपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या प्रकारची खसखस तुमच्या हातात फारशी नसते. कडक इस्त्रीचं, खळीचं, सिंथेटिक आणि रेशमी कापड बोलतं. मऊ सुती गप्प राहतं. म्हणून वेशभूषा ठरत असतानाच त्या विभागाशी दोस्ती करा. गळ्यातले सुटे दागिने माइकवर आपटतात, तेही त्यांनाच सांगा.

जागा साधारण छातीच्या हाडावर, हनुवटीपासून एक वीत खाली. नट सबंध सीनभर एका बाजूला बघून बोलणार असेल तर माइक त्या बाजूला थोडा सरकवा. माइकचं तोंड खाली करून लावला तर नाकातून येणाऱ्या श्वासाचे फुत्कार कमी लागतात, आणि या छोट्या माइकना बहुधा सगळ्या दिशांनी सारखंच ऐकू येत असल्यामुळे आवाजात फरक जाणवत नाही.

आता शिष्टाचार. कोणाच्याही कपड्यांना हात लावायच्या आधी काय करणार आहात ते सांगा आणि परवानगी घ्या. वायर आतून त्या व्यक्तीलाच ओढू द्या, किंवा वेशभूषेच्या माणसाची मदत घ्या. आणि माइक लागलेला माणूस ब्रेकमध्ये बाजूला गेला की त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) खाली करा. त्याचं खासगी बोलणं ऐकायचं नाही, ऐकू आलं तर कुठे बोलायचं नाही. या एका गोष्टीवर नट तुमच्यावर विश्वास ठेवतात किंवा कायमचे दुरावतात.

६. वायरलेसचे खेळ

रेकीला उत्तम चाललेले वायरलेस शूटिंगच्या दिवशी तुटायला लागतात, याचं कारण अनेकदा गर्दी असते. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त संच वायफाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात असतात. सेटवर शंभर फोन आले की तिथे जागा उरत नाही. यूएचएफ पट्ट्यातले संच जास्त भरवशाचे, पण कोणती फ्रिक्वेन्सी विनापरवाना वापरता येते याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. दुसऱ्या देशात जाताना आधी तेवढं तपासा.

लोकेशनवर पोहोचल्यावर आपले सगळे ट्रान्समिटर बंद ठेवून रिसीव्हरवर स्कॅन करा आणि मोकळ्या जागा निवडा. निवडताना समान अंतराच्या फ्रिक्वेन्सी घेऊ नका. समजा ६००, ६०१ आणि ६०२ मेगाहर्ट्झ घेतल्या. ६०१ ची दुप्पट करून त्यातून ६०० वजा केले की ६०२ उरतात. म्हणजे पहिले दोन ट्रान्समिटर एकमेकांजवळ आले की त्यांच्या मिश्रणातून तिसऱ्याच्या डोक्यावर भूत उभं राहतं. चांगल्या रिसीव्हरमध्ये हा हिशेब करून देणारी सोय असते, ती वापरा.

माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी रेडिओ लहरी गिळतं. अँटेना घामट त्वचेला चिकटलेली नसावी, गुंडाळून ठेवू नये. नट पाठ करून उभा राहिला आणि ट्रान्समिटर त्याच्या पोटावर असेल, तर मध्ये अख्खा माणूस आहे. रिसीव्हर सेटच्या जितका जवळ आणि जितका उंच नेता येईल तितका न्या. बॅटऱ्या जेवणाच्या सुट्टीत बदलाच, मीटरवर अर्धी दिसत असली तरी.

७. पातळी, नमुने, घड्याळ

सेकंदाला ४८ हजार नमुने, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, आणि प्रत्येक नमुना २४ बिटचा. चित्रपटाच्या कामाला हेच चालतं, दुसरं काही लावू नका. बोलण्याची सरासरी वजा २० डीबीएफएसच्या (रेकॉर्डरच्या कमाल पातळीला शून्य धरून मोजलेले डेसिबल) आसपास आणि वरची टोकं वजा १० च्या आसपास राहिली की काम नीट होतं. तालमीत नट हात राखून बोलतात आणि टेकमध्ये सुटतात, म्हणून तालमीवर गेन ठरवताना वरती मोकळी जागा ठेवा. रागाचा सीन असेल तर दिग्दर्शकाला सरळ विचारा की ओरडणार आहेत का.

३२ बिट फ्लोट (अगदी हळू आणि अगदी मोठा, दोन्ही आवाज सामावून घेणारे) रेकॉर्डर आले आणि आता पातळीची काळजी नको असं लोक म्हणायला लागले. अर्धं खरं आहे. रेकॉर्डरच्या आत आवाज फाटत नाही. पण वायरलेस ट्रान्समिटरच्या आत फाटला, किंवा माइकच्या पडद्याची मर्यादा ओलांडली, तर रेकॉर्डर फाटलेलाच आवाज इमानदारीने नोंदवतो. लांबच्या माइकला तर फ्लोटचा काहीच उपयोग नाही. सुरुवात नेहमी साखळीच्या पहिल्या कडीपासून करा: आधी ट्रान्समिटरचा गेन, मग रेकॉर्डरचा.

प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर आणि त्याशिवाय एक मिक्स ट्रॅक, अशी फाइल द्या. मिक्स दिग्दर्शकाच्या कानासाठी आणि एडिटरच्या सोयीसाठी, सुटे ट्रॅक नंतरच्या साऊंडवाल्यांसाठी. मिक्समध्ये बूम आणि कॉलर दोन्ही सारखे उघडे ठेवू नका. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या फरकाने तोच शब्द दोनदा मिसळला की आवाज पोकळ होतो. बूम नीट मिळत असेल तर बूम ठेवा, नाहीतर कॉलर.

कॅमेऱ्याचा फ्रेम रेट कॅमेरा असिस्टंटला तोंडी विचारा आणि त्याच्या स्क्रीनवर डोळ्यांनी बघा. ‘चोवीस’ म्हणणारा माणूस २४ म्हणतोय की २३.९७६, हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. या दोहोंत दर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. टाइमकोडचे डबे (कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं जुळती ठेवणारे) सकाळी आणि जेवणानंतर पुन्हा जुळवा. टाइमकोड असला तरी क्लॅप (पाटीचा ठोका) सोडू नका. डबा बंद पडला तर तो ठोकाच कामाला येतो. सुरुवातीला क्लॅप राहिला तर शेवटी पाटी उलटी धरून द्यायचा.

८. सेट शांत करणं

ही यादी लांब आहे, पण बहुतेक गोष्टी एकदा सांगून होतात. पंखे, एसी, पंप, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ. कॅमेऱ्याचा स्वतःचा पंखा, जो टेकमध्ये हळू किंवा बंद ठेवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. डिमरवर लावल्यावर गुणगुणणारे लाइट. फ्रीज बंद करा आणि तुमच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. साऊंडवाल्यांचा हा जुना उपाय आहे: किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली घेताना फ्रीज चालू करायची आठवण होते.

फ्रेममध्ये पाय दिसत नसतील तर बुटांच्या तळाला फोमचे तुकडे चिकटवा, किंवा जमिनीवर गालिचा घाला. जेवणाचा सीन असेल तर टेबलक्लॉथच्या खाली जाड कापडाचा एक थर द्या. बशी-चमच्यांचे खणखणाट नेमके शब्दांवरच पडतात. दिग्दर्शकाशी बोलून नटांना सुचवता येतं की कप ठेवायचा तो वाक्य संपल्यावर. चांगले नट हे आनंदाने करतात, आपल्या आवाजावर डबिंगची वेळ यावी असं त्यांनाही वाटत नसतं.

९. टेक चालू असताना, आणि नंतर कधी बोलायचं

हेडफोनचा आवाज सकाळी एकदा ठरवा आणि दिवसभर तोच ठेवा. तो वरखाली करत राहिलात तर मागचा गोंगाट वाढला की कमी झाला याचा अंदाजच राहत नाही. टेक चालू असताना बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, हात हलवायचा नाही. घड्याळ बघून ठेवा, कोणत्या ओळीवर काय झालं ते लिहा.

‘कट’नंतर कोणाशी बोलायचं हे सेटवर ठरलेलं असतं: पहिला असिस्टंट डायरेक्टर किंवा थेट दिग्दर्शक. सांगताना जागा आणि उपाय एकदम सांगा. “साऊंड खराब आहे” हे ऐकून कोणीच काही करू शकत नाही. “शेवटच्या दोन ओळींवर विमान होतं, आधीचं सगळं चांगलं. एक टेक घ्या, नाहीतर त्या दोन ओळींचा वाइल्ड ट्रॅक द्या,” (म्हणजे कॅमेऱ्याशिवाय नुसता आवाज) असं म्हटलं की समोरच्याला निर्णय घेता येतो. आणि निर्णय त्यांचाच. सूर्य मावळत असेल, नट थकलेला असेल, तो टेक अभिनयाच्या दृष्टीने एकमेव असेल, तर ते पुढे जातील. तुम्ही रिपोर्टमध्ये नोंद करून पुढे व्हा.

कधी आग्रह धरायचा, यासाठी सुरुवातीची कसोटी. गोंगाट दोन ओळींच्या मध्ये पडला असेल तर गप्प बसा. शब्दावर पडला असेल तर सांगा. मास्टर शॉटमध्ये (सबंध सीनच्या रुंद शॉटमध्ये) एखाद्या ओळीवर हॉर्न आला, पण ती ओळ क्लोज-अपमध्ये पुन्हा होणारच आहे, तर जीव घालवू नका, क्लोज-अप चोख घ्या. दिवसातून पाच वेळा थांबवणाऱ्या माणसाचं सहाव्या वेळी कोणी ऐकत नाही, आणि खरी गरज नेमकी तेव्हा असते.

एका गोष्टीवर मात्र दरवेळी बोला: क्लोज-अपमध्ये कॅमेऱ्याबाहेरचा नट समोरच्याच्या वाक्यावर चढून बोलला तर. त्याच्याजवळ माइक नसतो, त्यामुळे त्याचा लांबचा, पुसट आवाज चांगल्या आवाजात कायमचा मिसळतो आणि एडिटरला तिथे कटच करता येत नाही. एकमेकांवर बोलणं दिग्दर्शकाला हवंच असेल, तर दोघांनाही माइक लावा.

१०. अडचणीचे काही प्रसंग

गर्दीच्या सीनमध्ये मुख्य नट बोलत असताना मागचे लोक फक्त ओठ हलवतात. गर्दीचा आवाज नंतर वेगळा, त्याच लोकांकडून, एक-दोन मिनिटं भरून घ्यायचा. नाचत-नाचत संवाद असतील तर गाणं थोडं वाजवून ताल पकडून द्यायचा आणि संवादाच्या आधी बंद करायचं. ताल सुटत असेल तर सबवूफरवर फक्त अगदी खालच्या, ४० हर्ट्झच्या आसपासच्या ठोक्यांचा ट्रॅक लावतात. तो अंगाला जाणवतो आणि संवादातून नंतर गाळता येतो.

चालत्या गाडीत बूमला जागा नसते. दोन्ही सन व्हायझरवर छोटे माइक, शिवाय कॉलर माइक, काचा वर, एसीचा पंखा बंद. रेकॉर्डर मागच्या सीटवर किंवा डिकीत, आणि निघायच्या आधी कार्डावरची जागा आणि बॅटरी तपासून, कारण मध्ये थांबणं होत नाही.

वाऱ्यात नुसत्या फोमच्या टोपीने काही होत नाही. झेपलिन आणि त्यावर फर, आणि ८० हर्ट्झच्या आसपासचा लो-कट (त्याखालचा आवाज गाळणारी सोय). दमट हवेत एसीच्या खोलीतून बाहेर आणलेला कंडेन्सर माइक तडतडू शकतो, म्हणून पेटी थोडी आधी बाहेर आणून ठेवा. सेनहायझरची एमकेएच मालिका वेगळ्या, रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या तत्त्वावर चालते आणि दमट हवेत तग धरते. पावसाळी आणि जंगलातल्या कामाला लोक ती मागतात ती याचसाठी.

११. रूम टोन आणि वाइल्ड ट्रॅक

प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. एडिटर दोन वाक्यांच्या मधला खटका कापतो तेव्हा तिथे पोकळी उरते, आणि ती भरायला त्याच जागेची शांतता लागते. म्हणून सीन संपला की ३० ते ६० सेकंद रूम टोन घ्या: तोच माइक, तीच जागा, तोच गेन, तेच लाइट चालू, तीच माणसं खोलीत. अडचण अशी की शेवटचा टेक झाल्याबरोबर चाळीस माणसं एकदम हलतात. म्हणून शेवटच्या टेकच्या आधीच असिस्टंट डायरेक्टरला सांगून ठेवा, म्हणजे तो ‘पुढचा शॉट’ म्हणायच्या आधी ‘रूम टोन, कोणी हलू नका’ म्हणेल. मधल्या काळात एसी चालू झाला असेल तर त्या टोनचा उपयोग नाही, पुन्हा घ्या.

वाइल्ड ट्रॅक म्हणजे कॅमेरा न चालवता फक्त आवाज. बिघडलेल्या ओळी नटाकडून लगेच, त्याच जागी, भूमिका अंगात असतानाच घ्या. माइक हवा तेवढा जवळ नेता येतो, तरी फार जवळ नेऊ नका. मूळ शॉटच्या अंतराशी मेळ बसायला हवा. ओळ तीन-चार वेळा म्हणून घ्या, वेग तोच ठेवायला सांगा. कुरकुरणारं दार, विशिष्ट गेट, त्या घराचा जिना, असे त्या जागेचेच आवाज असतील तर दोन मिनिटं काढून तेही भरून घ्या.

१२. दिवस संपताना

रिपोर्टमध्ये सीन, शॉट, टेक, ट्रॅकवर कोण आहे आणि शेरा. शेरा कामाचा लिहा: ‘टेक ३: बूम चांगला, कॉलर २ वर शेवटी खसखस.’ वाइल्ड ट्रॅक कोणत्या सीनचे आहेत ते स्पष्ट लिहा, नाहीतर एडिटरला ते सापडत नाहीत आणि मग नटाला डबिंगला बोलावतात.

रेकॉर्डर दोन कार्डांवर एकाच वेळी लिहू शकत असेल तर ते चालूच ठेवा. फाइल कॉपी करताना नुसतं ओढून टाकू नका, चेकसम जुळवणारं, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते तपासणारं सॉफ्टवेअर वापरा. प्रती किमान दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि त्यांतला एक तुमच्याबरोबर घरी. केबल एक वेढा सरळ, एक उलटा अशा गुंडाळा, म्हणजे त्या पीळ धरत नाहीत. घामाने भिजलेले कॉलर माइक पुसून उघडे वाळवा. बॅटऱ्या रात्रीच चार्जिंगला लावा आणि झोपायच्या आधी दिवा खरंच पेटलाय का ते बघा. आणि कार्ड फॉरमॅट करायचं ते एडिटरकडून फाइल उघडल्याचा निरोप आल्यावर.